नळीमामाचा उपास

माझ्या मामाचं खरं नाव विचारलंत तर मला क्षणभर आठवावं लागेल. आम्ही सगळी भाचरं त्याला नळीमामा म्हणायचो. सांगोल्याकडच्या आमच्या आजोळी मटण शिजलं, की ताटातली नळी उचलायची, ताटाच्या काठावर दोनदा ठकठक आपटायची, एकदा फुंकायची आणि आतला मगज अख्खाच्या अख्खा बाहेर काढायचा, ही त्याची विद्या. तो मगज त्यानं स्वतः खाल्लेला मी कधी पाहिला नाही. त्या दिवशी जे पोर रडलेलं असेल, त्याच्या भाकरीवर तो जायचा. मी नळीसाठी दोनदा खोटं रडले आहे. मामाला ते कळलं होतं, तरी त्यानं दिली.

मामा मेंढरं राखायचा. बोलणं कमी, पण बोलला की निकालच. लग्नाच्या पंगतीत कुणी बिनहाडाचे तुकडे वाढले, की वाढप्याला थांबवून म्हणायचा, "हाडाबिगर मटान म्हंजी दाराबिगर घर." आणि ताठा असा, की तहान लागली तरी कुणाला तांब्या मागायचा नाही. स्वतः उठायचा. आपलं उणं कुणाला दिसता कामा नये, हा त्याचा सगळ्यात मोठा नेम.

साठी उलटल्यावर त्यानं एकाएकी मटण सोडलं. "आज उपास हाय," एवढंच सांगायचा. रविवारी उपास, जत्रेला उपास, पाहुणे आले की उपास. चुलीवर मटण चढलं, की नेमका त्याच दिवशी मामाचा उपास कसा, हे कुणाच्या तरी डोक्यात यायला हवं होतं. पण आमच्या घरात एवढं डोकं कुणाला? सगळ्यांनी ठरवूनच टाकलं, की मामाला विरक्ती आली. माझ्या आईनं, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीनं, कौतुकानं तुळशीची माळ आणून त्याच्या गळ्यात घातली. तो नको म्हणाला नाही. झालं, मामा माळकरी. मग त्याचं ताट वेगळं झालं आणि हळूहळू तो परसात एकटाच जेवायला बसू लागला. मामीनंही त्याच्यामागोमाग मटण सोडलं. भावकीतल्या बायका आपापल्या सुनांना तिचा दाखला देत.

मी जुळे सोलापुरात राहते. मामाच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन सोलापुरात झालं, त्यामुळे तो दर महिन्याला तपासणीला यायचा. एकदा दवाखान्यातून स्कूटीवरून येताना कॉलनीच्या कोपऱ्यावर त्यानं माझ्या खांद्यावर थाप मारली. "थांब की. लई झ्याक वास येतोय."

ते हॉटेल बोटीवर नोकरी करून परतलेल्या एका आचाऱ्याचं होतं. तिथं दोनच जिनसा मिळत, बोकडाच्या मटणाचे सॉसेज आणि लोण्यात घोटलेला बटाटा. भाकरीवाचून सोलापुरात कोण जेवणार, म्हणून आम्ही कॉलनीवाले आधी हसलो आणि मग तिथंच रांग लावून उभे राहिलो. मी म्हटलं, "मामा, तुझ्या कामाचं नाही ते. मटणाचा खिमा आतड्यात भरून भाजतात. सोबत बटाट्याचा लगदा."

रस्त्याच्या पलीकडे बघत मामानं विचारलं, "दात लागत्यात का त्याला?"

मी गाडी बंद केली. मागं वळून त्या मिशीखालच्या तोंडाकडे नीट पाहिलं. कित्येक वर्षांत मी तसं पाहिलंच नव्हतं. आत दात उरले नव्हते. मला वाईट वाटलं आणि खरं सांगते, रागही आला. "कवळी का नाही बसवलीस?"

"उसनं दात घालून नळी चोखू व्हय मी?"

आत बसल्यावर त्यानं गळ्यातली माळ काढून खिशात ठेवली. "तिला कशाला वास." प्लेट आली. मामानं सॉसेज उचललं आणि सवयीनं काठावर दोनदा ठकठक आपटलं, वर फुंकर मारली. काही निघेना, तसा तो माझ्याकडे बघायला लागला. "अख्खा मगजच आहे मामा, खा," मी म्हटलं. त्यानं ते बटाट्यात कुस्करलं, काला करावा तसं, आणि डोळे मिटून चार घास खाल्ले. आचारी विचारायला आला, तर त्याला म्हणाला, "बोकड जून हुतं. पर खिमा इमानानं केलाय."

पाचव्या घासाला हात थांबला. "तुजी मामी माज्यापायी पिटलं खातीया," तो म्हणाला. "आन मी हितं चोरून जेवतूय." पुढं त्यानं एक घास घेतला नाही. एक ताजी प्लेट बांधून मागितली. मामानं काहीतरी मागितलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी त्याला पोचवायला मी सोबत गेले. मामी चुलीपुढं होती. मामानं पुडकं आणि माळ दोन्ही तिच्यासमोर ठेवली. "मी माळकरी न्हाय. दात गेलं माजं समदं."

मामीनं तव्यावरची भाकरी उलटली. "ठावं हाय की. तुमच्या भाकरीची कड रोज कोण काढतंय?"

"मग तू कशापायी सोडलंस?"

"तुमी परसात येकलं बसायचं आन मी हितं नळी चोखायची व्हय?"

मामानं फेट्याचा शेव तोंडाला लावला. त्या दिवशी तो परसात गेला नाही. चुलीपाशीच दोघं एका ताटात जेवली.

पुढं दर महिन्याला दोघं यायची. डॉक्टरांनी आता यायची गरज नाही सांगितलं, तरी यायची. मामाला शेवटी नीटसं दिसत होतं, पण छातीनं दगा दिला. गेल्या वर्षी तो गेला. मामी खचली, पण माझ्याकडे यायची थांबली नाही. परवा मी तिला त्याच हॉटेलात नेलं. तिचे सगळे दात शाबूत आहेत. तिनं सॉसेज उचललं, काठावर दोनदा ठकठक आपटलं, फुंकलं आणि माझ्या प्लेटमध्ये ठेवलं.

"मामी, मी कुठं रडलेय?" मी म्हटलं.

"मग डोळं पूस की," मामी म्हणाली.