मालपेचे गुलाबी कुरव

मालपेच्या किनाऱ्यावर गुलाबी कुरवांचा अख्खा थवा पाहिलेला मी एकमेव माणूस आहे. (कुरव म्हणजे आपला सीगल. पण आमच्या पक्षीमंडळात सीगल म्हटलं की लोक कीव केल्यासारखं बघतात.)

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी तेव्हा बेंगळुरूला सरकारी कारखान्यात इंजिनियर होतो आणि मंडळात नवा होतो. आधीच्या सहलीत एका घारीला गरुड म्हणून मी सगळ्या मंडळाला चिखलातून पळवलं होतं. तेव्हा आमचे म्होरके राव सर शांतपणे म्हणाले होते, "अगली बार ऐसा हुआ तो आप बस में ही बैठना, सरी?" (सरी म्हणजे कानडीतलं 'बरं का?')

त्यामुळे डिसेंबरात मालपेला निघालो तेव्हा माझी अब्रू पणाला लागली होती. मी नवी दुर्बीण घेतली होती, आणि धूळ बसू नये म्हणून त्या सकाळपर्यंत डोळ्याला लावलीच नव्हती! एका दुर्मिळ कुरवाची छाती फिकट गुलाबी असते, हेही पाठ करून ठेवलं होतं. सोबत आई होती, कारण तिला वाटेत उडुपीच्या कृष्णाचं दर्शन हवं होतं.

उजाडलं. वाळूवर कुरव बसले होते. मी झाकणं काढून दुर्बीण लावली आणि ओरडलो, "सर! गुलाबी छाती!"

सगळे धावले. "कुठे?"

"तो डावीकडचा! नाही, त्याच्या शेजारचाही! अहो, सगळेच!"

"हमको तो सफेद दिखता है," राव सर म्हणाले.

"तुमच्या दुर्बिणी जुन्या झाल्यात, सर!" (हे मी खरंच म्हणालो. देव मला क्षमा करो.)

मग एक बगळा उतरला. तोही गुलाबी! मागून होडी आली, तिचं शीडही गुलाबी! माझं डोकं चालेना. मी दुर्बीण राव सरांकडे वळवली, तर त्यांची पांढरीशुभ्र मिशी गुलाबी!

"स्वल्प कोडी," म्हणत त्यांनी हात पुढे केला, दुर्बीण घेतली आणि उलटी करून पाहिली. "ये क्या है? कुंकुम?"

मी आईकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" आई म्हणाली. "खंडेनवमीला स्कूटरला लावलं, मिक्सरला लावलं, मग हिलाच कशी वगळू? हिला कपाळ नाही, म्हणून डोळ्यांना लावलं. तेलात कालवून, म्हणजे टिकेल!"

मंडळ वाळूवर बसून हसायला लागलं. मला समुद्रात शिरावंसं वाटलं. आई मात्र पाण्याकडे बोट दाखवत होती. "ते राहू द्या. ती पलीकडची थोराड बाई कोण? डोळ्यामागे काजळ फासलंय. बाकीच्या तिला वचकून लांब बसल्यात बघा."

राव सरांनी माझीच दुर्बीण पुसून लावली आणि ते ओरडलेच. "अम्मा! ये तो थोरला कुरव! इतने साल से ढूँढ रहा हूँ!"

तेव्हापासून प्रत्येक सहलीचं आमंत्रण आईच्या नावाने येऊ लागलं. खाली राव सर स्वतःच्या हाताने लिहीत, "मुलालाही आणा. बसमध्ये सामानाजवळ कुणीतरी बसायला हवं."