धुराला दाखवलेला कापूस

मोताळ्याचे युसूफमिस्त्री गाडीच्या धुराला कापूस दाखवत. सायलेन्सरच्या तोंडाशी बोळा धरायचा. तेलकट झाला तर इंजिन ऑइल जाळतं, नुसता ओला झाला तर आत पाणी शिरतं. त्यांच्या कामाला तीस वर्षांत कोणी हरकत घेतली नव्हती.

ती बियाणेवाल्या खर्चेभाऊंनी घेतली. मिस्त्रींनी ऑइल बदलल्यापासून आपली जीप निळा धूर सोडते, असं त्यांनी गावभर सांगितलं. पंधरा दिवसांत गॅरेजची गिऱ्हाइकं तुटली. मग बाजाराच्या दिवशी, माणसं बघून, ते जीपसकट भांडायला आले.

"इंजन खाल्लं बे तू माह्यं."

मिस्त्रींनी कापूस काढला. तो मिस्त्रींच्याच शेतातला, खर्चेभाऊंनी विकलेल्या बीटी बियाण्याचा, बोंडअळीनं पिवळा पडलेला होता.

"चांगला कापूस नाही काय तुह्याजवळ?"

"तुमच्या पाकिटातून हाच निंगते, भाऊ."

बोळा तेलकट झाला. मिस्त्रींनी ऑइल मोजायची पट्टी ओढून सगळ्यांना दाखवली. ऑइल खुणेच्या दोन बोटं वर होतं.

"मी तं खुणेपर्यंतच भरलं होतं. वरून कोनं टाकलं?"

"मीच. जास्त असलं तं इंजन टिकते."

"माल चांगलाच हाय, भाऊ. वापरनाऱ्याची चूक हाय. अळी पडली तवा तुमीच सांगतलं होतं मले."

"काढ आता ते ऑइल."

"उद्या या. आज बाजार हाय."

खर्चेभाऊ निघाले. गर्दीमुळे जीप फार हळू गेली, त्यामुळे धूर सगळ्यांना नीट पाहता आला.