तायडे सरांची पुढची सीट

सत्कारात मिळालेली शाल तायडे सर घरी पोचेपर्यंत खांद्यावरून उतरवत नसत. जळगाव जामोदचा उन्हाळा ज्याने सोसला आहे, त्यालाच यातला पराक्रम कळेल. भर मे महिन्यात, दुपारचा कार्यक्रम आटोपून, खांद्यावर जरीकाठी शाल आणि हातात नारळ अशा थाटात सर बाजारातून चालत येत. पानठेल्यावरचा एखादा माजी विद्यार्थी हमखास ओरडे, "सर, थंडी वाजून राह्यली काय?" सर थांबत, चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "तुले नाई समजनार बे. तुले कोणी देल्ली काय आजलोक एखादी?" मग पुन्हा चालू लागत.

मी गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो आणि माझं घर सरांच्या भिंतीला भिंत लागून होतं, त्यामुळे या शालींचा साठा मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. एक पूर्ण कपाट. प्रत्येक शाल तिच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. सत्काराची शाल ऊब देण्यासाठी विणलेली नसतेच. ती फोटोत दिसेल इतकी रुंद आणि देणाऱ्याला परवडेल इतकी पातळ असते. हे मी सरांना एकदा बोलून दाखवलं. ते म्हणाले, "ग्रंथपाल, तुम्ही पुस्तकाची किंमत कागदाच्या जाडीवरून ठरवता काय?" हेडमास्तर म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

सरांना व्यासपीठ आवडायचं, आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. भाषण कसंही असो, बसणं बघण्यासारखं असे. पाठ सरळ, तळवे मांड्यांवर, नजर समोर. शेजारचा पाहुणा पेंगत असला तरी सर ताठच. शाळेतही त्यांचा तोच धोशा होता. पोरगा पहिल्या बाकावर असो की शेवटच्या, "बसायचं तर ताठ बसा. जागा कोणतीही असो." मुलं मागून त्यांची नक्कल करत. सरांना ते माहीत होतं आणि मला वाटतं, त्याचंही त्यांना कौतुक वाटे.

या माणसाच्या आयुष्यातला सर्वांत मोठा सत्कार अर्धवट झाला. निवृत्तीच्या समारंभात शाळेने दोन खुर्च्या शेजारी मांडल्या होत्या. सपत्नीक सत्कार, वहिनींची ओटी, साडी, सगळी तयारी होती. निवेदकाने कुसुमवहिनींचं नाव पुन्हा पुन्हा पुकारलं. खुर्ची रिकामीच राहिली. "डोकं दुखते तिचं," सर म्हणाले. गावाने ते ऐकून घेतलं आणि आपला निकाल दिला, "हेडमास्तरीनबाईले गर्व चढला." खरं म्हणजे वहिनी कुठेच जात नव्हत्या. लग्नाला नाही, हळदीकुंकवाला नाही, बीबी या गावी राहणाऱ्या एकुलत्या एका भावाकडेही नाही. आमच्याकडे आल्या तर दारात उभ्या राहून बोलत. बसा म्हटलं की, "नाई, भाजी टाकून आली मी गॅसवर." त्यांच्या घरचा गॅस कायम पेटलेला असे.

निवृत्तीनंतर सरांनी खामगावहून एक जुनी गाडी विकत आणली. त्यानंतर काही दिवसांनी ते वाचनालयात आले, आजूबाजूला पाहिलं आणि हळूच विचारलं, "शिवणकामाचं एखादं पुस्तक असंल काय?"

"वहिनींना हवंय?"

"हाव. म्हंजे, नाई." त्यांनी पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून नेलं.

त्याच आठवड्यात त्यांनी मला अंगणात बोलावलं. फाटक आतून बंद. गाडीच्या सीटा काढून फरशीवर ठेवलेल्या, आणि त्यांच्यामध्ये हातात खडू घेऊन मांडी घालून बसलेले हेडमास्तर. मी हसलो. ते हसले नाहीत.

"ग्रंथपाल, एक गोष्ट पोटात राह्यते काय तुमच्या?"

मी हो म्हटलं. मग सीटकडे बघतच त्यांनी सांगितलं. गर्भपिशवीच्या ऑपरेशननंतर वहिनींना लघवी धरवत नव्हती. खोकला आला, हसू आलं, गाडीने गचका खाल्ला, की झालं. म्हणून त्या कुठे बसत नव्हत्या. घराबाहेर पडायचं ठरलं की आदल्या दिवसापासून पाणी बंद करत, आणि शेवटी जातच नसत. डॉक्टरचं नाव काढलं तर म्हणत, "मी मरीन, पन हे कोनाले सांगनार नाई." यासाठी दुकानात वस्तू मिळतात हे त्या दोघांनाही ठाऊक होतं. पण गावात काय नि खामगावात काय, प्रत्येक औषधाच्या दुकानात सरांचा एखादा विद्यार्थी बसलेला. आणि आता बीबीला भावाच्या मुलीचं लग्न निघालं होतं. भावाचा रोज फोन येई, "आक्का, आत्याबिगर हळद कोन लावीन पोरीले? तू नाई आली तर समजीन का मले बहीनच नाई."

"तिले न्याचंच हाय मले," सर म्हणाले. "कव्हरवाल्याकडं गाडी टाकली तर तो विचारीन, आतमंदी मेणकापड काऊन पाह्यजे? म्हनून घरीच."

"मग वहिनीच शिवतील की. मशीन तर त्यांचंच आहे."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "माह्याच हातानं माही लाज शिवू काय मी?"

अशा रीतीने तायडे सर शिवायला बसले. त्यांनी जुनं कव्हर शिवणी-शिवणीने उसवलं, प्रत्येक तुकडा वर्तमानपत्रावर ठेवून कागद कापला, त्यावर पाठ, बूड, डावी बाजू असं फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं. पहिलं कव्हर शिवून झालं आणि सीटवर चढेना. आम्ही दोघांनी ओढून पाहिलं. घट्ट. आतून वहिनींनी न बघताच सांगितलं, "शिलाईसाठी माया सोडली नसंल तुमी. अर्धा इंच जास्त कापा लागते." पुढे त्या रोज आतूनच सूचना देत. सुई उलटी लावली, दोरा सैल आहे, पाय हळू मारा. बाहेर मात्र येत नसत.

कापड कुठून आणायचं हा प्रश्न सरांनी एका सकाळी कपाट उघडून सोडवला. शाली धुवायला सोप्या, लवकर वाळणाऱ्या. सत्कारातले टॉवेल होतेच. वरती शाल, मधात टॉवेल, खाली मेणकापड, कडेला इलॅस्टिक आणि मागे बंद, म्हणजे भिजलेलं कव्हर चटकन काढून दुसरं चढवता यावं. मी त्यांना कात्री चालवताना पाहिलं आहे. एकेक शाल हातात घेऊन ते ती कुठे मिळाली ते सांगत आणि मग कापत. "ही भाऊसाहेबाईनं देल्ली होती. पातळ हाय. मागच्या सीटले चालते." भाऊसाहेब म्हणजे सरांच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष.

मला वाटलं होतं, वहिनींच्या सीटपुरतंच करायचं असेल. सरांनी मान हलवली. "साऱ्या सीटा एकसारख्या पाह्यजे. तिची कोनती हे कोनाले कळू नाई." एका बाईच्या अडचणीसाठी अख्ख्या गाडीला मेणकापड लावणाऱ्या या माणसाला मी इतकी वर्षं फक्त शालींचा हावरट समजत होतो.

लग्नाला मीही गेलो. गाडी सर चालवत होते, शेजारी वहिनी, मागे मी. मेहकरच्या पुढे रस्त्याने आम्हाला चांगलंच हलवलं, तरी सगळं सुरळीत झालं. बीबीला वहिनींनी भाचीला हळद लावली. भाऊ लहान मुलासारखा रडला. कितीतरी वर्षांनी माहेरी आलेल्या बाईला लोक काही ना काही पाजतच होते, सरबत, पाणी, चहा, आणि त्या दिवशी वहिनी कोणालाच नाही म्हणू शकल्या नाहीत. जेवणं झाल्यावर निघायचं म्हणून त्या गाडीत पुढे जाऊन बसल्या. सर मंडपात निरोप घेत होते, मी डिकीत सामान लावत होतो. दुसरं कव्हर त्याच डिकीत, घडी करून ठेवलेलं.

भाऊसाहेब त्या लग्नाला आलेले होतेच. असे लोक सगळ्याच लग्नांना येतात. त्यांची गाडी कोणाला तरी पोचवायला गेली होती. ते सरळ आमच्या गाडीपाशी आले. कडक इस्त्रीचा पांढरा झब्बा, पांढरा पायजमा, मागे माणसं. "काय तायडे, निघाले काय? खामगावपर्यंत सोडा मले." आणि त्यांनी पुढचं दार उघडलं.

आपल्याकडे अध्यक्ष मागे बसत नाहीत आणि हेडमास्तरची बायको "मी इथून उठत नाही" असं म्हणत नाही. वहिनी उतरल्या आणि पदर सावरत मागे जाऊन बसल्या. सर धावत आले, "भाऊसाहेब, जरासं थांबा, कव्हर..." तोवर भाऊसाहेब बसले होते.

ते तसेच उठलेही. मागे हात लावून पाहिला, बोटं नाकाजवळ नेली. "काय बे हे तायडे? कोन मुतलं हितं?"

मंडपाच्या तोंडाशी उभी असलेली सगळी माणसं वळली. वहिनींचा भाऊ होता, व्याही होते. मागच्या सीटवर वहिनींनी डोळे मिटून घेतले होते. एवढीच भीती होती, ती त्यांनी वर्षानुवर्षं घरात कोंडून ठेवली होती, आणि ती अशी भर दुपारी मंडपाच्या दारात येऊन उभी राहिली.

"माझं आहे, भाऊसाहेब," तायडे सर म्हणाले. भाषणात वापरत त्याच प्रमाण मराठीत, त्याच खणखणीत आवाजात. "मला त्रास आहे. येताना मी तिथे बसलो होतो, गाडी ग्रंथपालांनी चालवली. कुसुम आत्ता पुसायलाच बसली होती. मी माफी मागतो."

कोणीतरी फिसकन हसलं. भाऊसाहेब दुसऱ्या गाडीकडे निघून गेले. सरांनी किल्ली माझ्या हातात दिली. मला गाडी येत होती, पण कित्येक वर्षांत चालवली नव्हती. खोटं पुरं करायचं तर चालवणं भाग होतं. सर त्या ओल्या सीटवर बसले. पाठ सरळ, तळवे मांड्यांवर, नजर समोर. व्यासपीठावर बसत तसेच. बीबी मागे पडलं. मग मागून वहिनींचा आवाज आला, "अजी, तुमी काऊन?"

"मले चालते," सर म्हणाले. "माह्यापाशी इज्जत बक्कळ हाय. थोडीशी गेली तर समजत बी नाई."

हे मात्र त्यांचं चुकलं. गावाला पुरतं समजलं. भाऊसाहेब तो किस्सा भाषणात नाव न घेता सांगत आणि लोक नाव घेऊन हसत. पानठेल्यावरून आता थंडीची चौकशी होत नसे. "सर, गाडी धुतली काय?" एवढंच. सत्काराची बोलावणी बंद झाली. शाळेच्या झेंडावंदनाला त्यांना मागच्या रांगेत बसवू लागले. तिथेही ते ताठ बसत. वाचनालयात माझ्या टेबलासमोर लोक हसत आणि मी पुस्तकांवर शिक्के मारत राही. तोंड उघडलं असतं तर सरांनी झाकलेलं उघडं पडलं असतं. हे कारण खरं होतं, तरी घरी गेल्यावर सरांच्या खिडकीकडे बघवत नसे.

सर मात्र वहिनींना घेऊन हिंडत राहिले. सातपुड्याच्या पायथ्याला, बाजाराला, दर दिवाळीला बीबीला. दोरीवर शालींची कव्हरं वाळत असत. वहिनी आमच्याकडे आल्या की आता बसत. गॅसवर भाजी नसे.

गेल्या थंडीत सर झोपेतच गेले.

शोकसभा शाळेच्या सभागृहात झाली. आपल्याकडे अशा सभेला घरची बाई सहसा येत नाही. वहिनी आल्या. घरी शिवलेली शालीची चौकोनी गादी खुर्चीवर घातली आणि पहिल्या रांगेत बसल्या. भाषणं झाली. ज्यांनी वर्षानुवर्षं बोलावलं नव्हतं, त्यांना सरांची पोकळी जाणवत होती. शेवटी भाऊसाहेब उठले. शिस्त, करारीपणा, सगळं झालं. मग म्हणाले, "अखेरच्या काळात प्रकृतीनं त्यांना जरा... अडचणीत आणलं. आपण सर्व जाणताच." मागच्या रांगांतून दबलेलं हसू सरकत गेलं. शोकसभेत.

वहिनी उठून उभ्या राहिल्या. माईक नव्हता, आवाज बारीक होता, पण शेवटपर्यंत ऐकू गेला.

"भाऊसाहेब, बीबीले ते माहं होतं. त्याईले काईच झालं नव्हतं."

आणि त्या खाली बसल्या. पाठ सरळ.

दोन मिनिटं स्तब्धता पाळायची होती. ती कोणी न सांगताच सुरू झाली. भाऊसाहेब समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत राहिले. मी जमिनीकडे. सभागृहात मान वर असलेलं एकच माणूस होतं.

बाहेर सरांची गाडी मीच आणली होती. लोक पायऱ्यांवर घोळक्याने उभे होते, वाट देत होते, बघत नव्हते. गर्दीतून त्यांना आडोसा मिळावा म्हणून मी मागचं दार उघडलं.

"मी समोरच बसीन," वहिनी म्हणाल्या.

त्या पुढे बसल्या. शालीचा काठ मांडीखाली नीट केला. मी किल्ली फिरवणार, तर त्यांनी हात वर केला. "थांबा जरा. ते पान्याची बाटली द्या मले."

आणि सगळ्या गावादेखत, काच खाली ठेवून, कुसुमवहिनी सावकाश, पोटभर पाणी प्यायल्या.