कान तुटलेला कप

१३ ऑगस्ट १९४७. स्वातंत्र्य दोन दिवसांवर आलं होतं, म्हणून घरातली सगळी तांब्या-पितळेची भांडी मोरीत काढून मी चिंचेने आणि राखेने घासत बसले होते. राख ठेवायला कान तुटलेला एक कप होता. तो हाताशी घेतला होता, तेवढ्यात चुलत सासूबाई कुरवंडे गावाहून चालत आल्या. इरलं दाराबाहेर टेकवून माझ्यासमोर बसल्या.

"शाळंत माज्या पोराच्या वस्तू मांडनार हायती," त्या म्हणाल्या. "मास्तर म्हनला, आजी, त्येंच्या वापरातलं काय बी आना. माज्याकडं काय हाय? तुज्याकडचा कप दे."

"कोणता कप, आत्याबाई?"

"फुलाफुलांचा. चुलीम्होरं बसवून त्याला च्या द्यायचीस त्यो. घरी आला की सांगायचा मला, वयनीनं फुलाच्या कपात च्या दिला म्हनून."

मी घासत राहिले. भावजींनी आईला असं काही सांगितलं असेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

सासूबाईंचा हा मुलगा म्हणजे माझे चुलत दीर. इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्यांना पिस्तुलं पोचवली म्हणून सात वर्षं तुरुंगात होते. सुटल्यावर दर आठवड्याला लोणावळ्याच्या पोलीस चौकीवर हजेरी लावायला यायचे आणि परत जाताना आमच्याकडे थांबायचे. आमचे हे रेल्वेत कारकून, घरही रेल्वेचं. भावजींना आत घेतलं तर नोकरी जाईल, अशी मला धास्ती. ह्यांनी तसं कधी बोलून दाखवलं नव्हतं. मीच ठरवलं. मागच्या पायरीवर बसवायचं आणि या कान तुटलेल्या कपात चहा द्यायचा. कोणी विचारलंच तर म्हणता यावं, आमचं कोणी नाही, दारावर आला त्याला दिला.

शेजारणीला मी सांगितलं होतं, ते खोकतात म्हणून कप वेगळा. तेही खोटं. खोकला त्यांना पुढे दोन वर्षांनी लागला.

पहिल्या दिवशी त्यांनी कप हातात फिरवून बघितला.

"ब्येस हाय की, वयनी. ह्येला कानच न्हाई. हितं काय बी बोलावं."

"लवकर प्या, भावजी," मी म्हटलं. हसलेही नाही.

पिऊन झालं की स्वतःच कप विसळून कोनाड्यात पालथा घालायचे. चार वर्षं असं चाललं. गेल्या थंडीत ते गेले आणि कप राखेला झाला.

भीती तेव्हा सगळ्यांनाच होती. त्याबद्दल मी स्वतःला फार बोल लावत नाही. पण फळीवर फुलांचे सहा कप असताना मी अडगळीतून हा शोधून काढला होता, याची लाज वाटते.

सासूबाई वाट बघत होत्या. मी हात धुतले आणि फळीवरचा एक कप काढून दिला. स्वच्छ होता, तरी त्यांनी तो पदराने पुसला.

"त्यो कुटं धरायचा गं ह्येला?"

मी कपाच्या कानाला बोट लावून दाखवलं. त्यांनी तिथेच बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"लोनावळ्यात तुजं येकच दार उघडं हुतं बघ त्याला," म्हणाल्या. राखेचा कप आम्हा दोघींच्या मधे होता. मी तो पायाने मोरीच्या कडेला सरकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांचा डबा भरून दिला. मग कपातली राख मोरीत ओतली, कप धुऊन पुसला आणि कुरवंड्याला चालत गेले. सासूबाई गोठ्यात शेण भरत होत्या. मी कप त्यांच्यापुढे धरला.

"यात देत होते मी, आत्याबाई. मागच्या पायरीवर. तो फुलांचा परत द्या."