दादाच्या स्नायूंतलं प्रथिन

दादाचं चालणं थांबलं त्या वर्षी मी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत त्याच्याच आजारावर काम करत होते. सिद्धगडाखालच्या आमच्या गावात हे फक्त घरच्यांना ठाऊक होतं.

स्नायूंच्या पेशीत ॲक्टिनचे बारीक धागे असतात. एक लांबलचक प्रथिन एका टोकाने हे धागे धरतं आणि दुसऱ्या टोकाने त्यांना पेशीच्या पडद्याशी बांधून ठेवतं. ते नसलं की स्नायू आखडताना पडदा फाटत जातो. दादाच्या प्रथिनात, धागा धरणाऱ्या टोकालाच, एक कण बदललेला होता. एकच.

दिवाळीत त्याला हे सांगितलं. ओटीवरच्या खुर्चीत बसून तो ऐकत होता.

"मंग माज्यात ते दोघं एकमेकांना ओळखत नाय का गो?"

"तसंच वाटतंय," मी म्हणाले.

परत जाऊन मी ते बदललेलं प्रथिन तयार केलं, कोंबडीच्या स्नायूतून काढलेल्या ॲक्टिनमध्ये मिसळलं आणि यंत्रात गरगर फिरवलं. धाग्याला धरलं तर ते धाग्यांबरोबर तळाशी बसतं, नाहीतर वर पाण्यातच राहतं. ते तळाशी बसलं. तीनदा करून पाहिलं, तीनदा बसलं. ओळख शाबूत होती. दोष वेगळाच निघाला. जरा ऊब लागली की त्या टोकाची घडीच उलगडायची, आणि अशा बिघडलेल्या प्रथिनाला पेशी मोडून टाकते. धरायला उरायचंच फार थोडं.

रविवार होता. सगळ्या मजल्यावर मी एकटी. घरी फोन लावला.

"ओळखतं रे दादा. पण टिकत नाय."

तो म्हणाला, "मंग औषध?"

"अजून नाय."

"बरं. जेवलीस का?"

मी हो म्हणाले. जेवले नव्हते.

पुढे या प्रयोगावरचा माझा शोधनिबंध छापून आला. त्याची प्रत मी गावी नेली. दादाने पानं उलटली, इंग्रजी पाहून हसला आणि विचारलं, "यात मी कुठंय?" मी बोट ठेवलं. तिथे फक्त 'एक रुग्ण' असं लिहिलं होतं. गावात तो कागद वाचणारं कुणी नव्हतं, आणि प्रयोगशाळेत दादाला पाहिलेलं कुणी नव्हतं. दोन्हीकडचं जाणणारी मी एकटीच.

आता त्याचे हातही वर जात नाहीत. सुट्टीला गेले की मी त्याला भरवते. तो प्रयोगाचं विचारत नाही, मीही विषय काढत नाही.