अल मजाजचं एक ताट

शारजाच्या विमानतळावर उतरलो तेव्हा छाती जरा फुगलेलीच होती. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. धाकट्या बहिणीला, सुनंदाला, कॉलेजात घातलं तेही मीच. ती आता नवऱ्याबरोबर अल मजाजमध्ये राहते. तिच्या खिडकीतून खालिद लगूनचं निळं पाणी दिसतं. सकाळी सातच्या आत काठाने फिरून यायचं, नंतर ऊन माणसाला उभं राहू देत नाही.

तिसऱ्या दिवशी फिरून आलो तर इमारतीखालच्या पार्किंगमध्ये दोघं पुठ्ठा अंथरून जेवत होते. हारून हा इमारतीचा नातूर (रखवालदार), मूळचा सुदानमधल्या दारफुरचा, तिकडे शाळामास्तर होता. बाबिकर गाड्या धुतो, तोही सुदानचाच. मध्ये एकच ताट. त्यात फूल (वालापेक्षा मोठ्या दाण्यांची, ठेचून तिळाचं तेल घातलेली उसळ), वर कच्चा कांदा, बाजूला रोट्या.

"तफद्दल (या, बसा)," हारून म्हणाला.

मी संकोचलो, तसा बाबिकर हसला. "बैठो, बैठो. मास्टर का हिस्सा बचता है. तीन दिन से सिर्फ मोबाइल खाता है."

मग कळलं. हारूनची बहीण दोन मुलांना घेऊन शेजारच्या चाड देशाच्या सरहद्दीकडे पायी निघाली होती. तीन दिवस तिचा फोन लागत नव्हता. बाबिकरने रोटी तोडून हारूनपुढे ठेवली. "खाओ. भूखे आदमी को फोन नहीं आता."

उसळ चवदार होती. इथवर सगळं ठीक होतं.

तिकडे जमातीजमातींत कापाकापी चालली आहे, हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. मला ते माहीत आहे, हेही दाखवायचं होतं. म्हणून विचारलं, "आप दोनों किस जमात के?"

"हम सूदानी. खलास," हारून म्हणाला.

"वो तो है. मगर जमात?"

आपल्याकडे आडनावावरून भागलं नाही की गाव, गावावरून भागलं नाही की आळी, असं उत्तर मिळेपर्यंत विचारतात, तसा मी विचारत राहिलो. शेवटी बाबिकरने ताटाकडे बघत सांगितलं. मग हारूनने सांगितलं. दोन्ही नावं माझ्या लक्षात आहेत, इथे लिहीत नाही. परीक्षेत उत्तर माहीत असलेला प्रश्न आल्यावर होतो तसा मला आनंद झाला.

"अरे, आप दोनों के लोगों में तो लड़ाई है," मी बोलून गेलो.

बाबिकरने हातातली रोटी खाली ठेवली, बादली उचलली आणि गेला.

वर येऊन सुनंदाला सांगितलं, तर ती कणीक मळता मळता थांबली.

"दादा, तीन वर्षं एका ताटात जेवतायत ते. त्यांना माहीत नसेल होय? तो विषय काढायचा नाही, एवढंच होतं त्यांच्यात."

"मी सहज विचारलं गं."

"होस्टेलवर तुलाही सहजच विचारायचे."

पहिल्या दिवशी खोलीतल्या मुलाने मला आडनाव विचारलं होतं, मग गाव, मग गावात घर कुठल्या बाजूला. दुसऱ्या दिवशी त्याची खाट पलीकडच्या भिंतीला लागली. हे मी सुनंदाला स्वतःच सांगितलेलं.

दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये दोन ताटं होती, दोन खांबांपाशी. मी हारूनची माफी मागितली. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

"सर, रास्ते में बंदूकवाले यही पूछते हैं," तो म्हणाला. "मेरी बहन ने बच्चों को सिखाया है, कोई पूछे तो गूंगे बन जाना."

निघायच्या दिवशी त्यानेच माझी बॅग टॅक्सीपर्यंत आणली. "बहन पहुँच गई," तो हळूच म्हणाला. "दोनों बच्चे भी."

"बाबिकर को बताया?"

त्याने मान हलवली. "कैसे बोलूँ? अब उसको अच्छा लगेगा या नहीं, मुझे क्या मालूम."

मीच गेलो. बाबिकर एका गाडीची काच पुसत होता. हारूनची बहीण पोचली, म्हणून सांगितलं. त्याचा हात थांबला.

"बच्चे?"

"दोनों."

"अल्हम्दुलिल्लाह." तो पुसून झालेली काच पुन्हा पुसू लागला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मैंने पूछा, ये उसको मत बोलना." मी "नहीं बोलूँगा" म्हणालो.

टॅक्सीवाला "यल्ला, यल्ला (चला, चला)" करत होता. फाटकाशी हारूनने हात वर केला. काच खाली करून एक वाक्य बोलायला किती वेळ लागला असता? नको ते सगळं बोलून झालेला माणूस मी, नेमका तेव्हा दिलेला शब्द पाळत बसलो.

गावात लोक विचारतात, काय काय पाहिलंत? मी लगून सांगतो, इमारती सांगतो. सुनंदाचा दर रविवारी फोन येतो. ताट पुन्हा एक झालं का, हे तिला विचारायची माझी अजून छाती झालेली नाही.