मावशीची अदलाबदल

माझ्या मावशीचं इस्त्रीचं दुकान नगरपालिकेच्या अगदी समोर. त्यामुळे गावचा कारभार कोण चालवतं असं मला विचाराल, तर मी मावशीकडेच बोट दाखवीन. नगराध्यक्षांपासून शिपायापर्यंत सगळ्यांचे शर्ट तिच्याकडे, आणि कडक इस्त्रीशिवाय त्यांच्यातल्या एकालाही भाषण सुचत नाही.

दरवर्षी नगरपालिका शाळेतल्या काही मुलांना परदेशी पाठवायची, आणि तिकडची मुलं इथल्या घरांत राहायला यायची. एका वर्षी मावशीकडे अशीच एक मुलगी राहिली. मावशीची लेक, आमची बबडी, तोवर पाहुणे आले की दाराआड लपायची. महिनाभरात त्या दोघी अंगणात अशा भांडायला लागल्या की शेजारी मधे पडले. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, पण भांडणाचं काही अडलं नाही. लेकीला वाचा फुटली म्हणून मावशी हरखून गेली. आता बबडीची जायची पाळी आली, आणि नगरपालिकेने त्यासाठीचा निधीच बंद करायचं काढलं.

"मावशी, गटारं तुंबलीत. पोरांना परदेशी कुठून पाठवायचं?" नगराध्यक्ष म्हणाले.

"बसवा सगळ्या गावाची पोरं घरी. गटारं वाहायला लागली तर माझं नाव बदला!"

त्या दिवसापासून जो शर्ट न्यायला येईल त्याला आधी मावशीचं ऐकावं लागे. निधी बंद कसला करताय, वाढवा. पैसेवाल्यांची पोरं स्वतःच्या पैशाने जातातच. आपल्या पोरांनी काय जन्मभर नकाशावर बोट फिरवायचं? लोक माना डोलवत आणि शर्ट घेऊन पसार होत. पालथ्या घड्यावर पाणी.

मग सभेचा दिवस उजाडला. मावशीने सकाळीच सगळ्यांचे शर्ट घरपोच केले, फक्त याचा त्याला आणि त्याचा याला. नगराध्यक्ष म्हणजे भरलेलं पोतं आणि विरोधी नेते म्हणजे काठी. त्यांची आपसात अदलाबदल. बाकीचे सगळे चांगले शर्ट मावशीच्या दुकानात, आणि दुकानाला कुलूप. करतात काय! आले तसेच.

नगराध्यक्षांची बटणं जीव मुठीत धरून बसली होती. विरोधी नेत्यांचे हात बाह्यांत हरवले होते. मी आणि मावशी मागच्या बाकावर होतो. सभा सुरू होताच ती उठली.

"दुसऱ्याच्या शर्टात तासभर बसा. त्याला कुठे टोचतं, कुठे काचतं, ते आपोआप कळतं. पोरांना हेच शिकायला पाठवा म्हणते मी. एवढ्यासाठीच बोंबलतेय!"

तिला खाली बसवलं. मग निधी बंद करण्याच्या बाजूने हात वर करायला सांगितलं. नगराध्यक्षांनी हात उचलला आणि काखेत टर्रकन आवाज झाला. हात झटकन खाली. पुढाऱ्याचा हात खाली गेलेला पाहून त्यांच्या पक्षाचे सगळे हात खाली गेले. का, ते कोणी विचारलं नाही. तशी पद्धतच नाही. विरोधी नेत्यांचा हात तर बाहीतून बाहेरच आला नाही. निधी वाचला. पाठोपाठ तो वाढवायचा ठरावही मंजूर झाला, कारण विरोध करायला पुन्हा हातच उचलावा लागला असता. पेपरात 'नगराध्यक्षांची दूरदृष्टी' असं छापून आलं. मी तर कपाळावर हात मारला.

बबडी निघाली त्या दिवशी बाकीची पोरं बसच्या खिडकीतून आईबापांना हात करत होती. बबडी मात्र शेजारच्या अनोळखी पोरीला हातवारे करून काहीतरी सांगण्यात दंग. बस वळली, दिसेनाशी झाली. बबडीने एकदाही मागे पाहिलं नाही.

"एकदा तरी बघायचं," मावशी म्हणाली.

"याचसाठी भांडलीस ना?"

"भांडले रे. पण ती अशी पटकन जाईल असं वाटलं नव्हतं." आणि ती भर रस्त्यात हमसाहमशी रडायला लागली.

मावशीला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. "नगराध्यक्षांना सांगून बस परत बोलवायची का?" मी म्हणालो.

"खबरदार!" मावशी रडता रडता ओरडली. "जाऊ दे तिला."